आपटबाईंची आगगाडी

बॅगांच्या कारखान्यात तिचं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं. एरवी सगळे तिला आपटबाई म्हणत, आणि तिनंही ते नाव एखाद्या पदवीसारखं मिरवलं होतं. कामच तसं होतं. तयार झालेली बॅग वाळूच्या पिशव्यांनी गच्च भरायची, उंच लोखंडी घोड्यावर चढवायची आणि खाली ढकलायची. कधी कोपऱ्यावर, कधी चाकांवर, कधी मुठीवर. खाली जमिनीत बसवलेली जाड लोखंडी पाटी. बॅग पडली की आपटबाई डोळे मिटून आवाज ऐकायची, मग वाकून बॅग उलटीपालटी करायची, मूठ हिसडायची, चेन ओढायची. पटली तर पुढे सारायची, नाही पटली तर खिशातला खडू काढून फुली मारायची. तिच्या फुलीविरुद्ध दाद मागायला जागा नव्हती. मालकाच्या मेव्हण्यानं एकदा स्वस्तातली चाकं आणली, तेव्हा सगळ्या गठ्ठ्यावर फुली मारून ती त्याच्या तोंडावर म्हणाली होती, "ही चाकं नाहीत, बिस्किटं आहेत. चहात बुडवा आणि खा."

निवृत्त झाली तेव्हा कारखाना मागे राहिला, खडू बरोबर आला. शेजारणीची नवी खुर्ची, दवाखान्यातलं बाक, लेकीच्या घरचं कपाट, सगळ्यांनी तिची फुली खाल्ली होती. "जावयाच्या पाठीवर तेवढी मारायची राहिली," असं ती म्हणायची, आणि जावई कानाच्या टप्प्यात असतानाच म्हणायची.

जावई मऊ माणूस. चष्म्याच्या दुकानात कामाला. लोकांच्या नाकावर चष्मे बसवायचे, कानामागे बोट घालून "टोचतंय का?" असं विचारायचं, हेच त्याचं आयुष्य. बोलायचाही तसाच, समोरच्याला कुठं लागू नये अशा बेतानं. आपटबाईला तो आवाज ऐकला की त्याला घोड्यावरून ढकलून बघावंसं वाटे.

पण सध्या त्याच्यापुढे नमतं घेणं भाग होतं. नात दीड वर्षाची झाली होती. गोल, गंभीर, दोन्ही हातांनी जग उचलून बघणारी. सगळे तिला ढब्बू म्हणत. लेक पुढच्या आठवड्यात पुन्हा कामावर जाणार होती आणि दिवसभर ढब्बूला कुठं ठेवायचं, हा प्रश्न दोन्ही घरांत घोळत होता. जावयाच्या मनात पाळणाघर. लेकीचा जीव आईकडे ओढत होता, पण आईची जीभ तिला ठाऊक होती.

"रविवारी दुपारभर तुझ्याकडे ठेवून बघू," लेक म्हणाली. "रमली तर तुझ्याकडे. नाही तर पाळणाघर. आणि आई, तुझ्या घरात लहान मुलानं खेळावं असं काही नाहीये. पकड, हातोडी आणि तू."

"तिघंही पक्के आहोत," आपटबाई म्हणाली.

पण त्या रात्री तिनं घराकडे जरा निरखून पाहिलं. स्वच्छ, चोख, मुकं. संध्याकाळी दार लावलं की सकाळी तीच उघडायची. दुसऱ्या कुणाचा हात त्या कडीला लागून किती दिवस झाले, हे तिनं कधी मोजलं नव्हतं, आणि मोजणारही नव्हती.

जावयानं आपल्या परीनं मदत केली. कापडाची एक आगगाडी आणून ठेवली. निळं इंजिन, मागे पिवळा आणि तांबडा डबा, पोटात कापूस, आणि डबे एकमेकांना वरून शिवलेल्या वेल्क्रोच्या चिकटपट्टीनं जोडलेले. ढब्बूला आगगाडीचं वेड होतं. खिडकीतून दिसेल त्या प्रत्येक लांब वस्तूला ती "भुक्" म्हणे.

आपटबाईनं इंजिन एका हातात धरलं, डबा दुसऱ्या हातात, आणि हिसका दिला. चिकटपट्टी टराटरा उसवून लोंबकळली.

"जावईबापू, हे काय आहे?"

"आगगाडी, आई."

"आगगाडी नाही, पायपुसणं आहे. पोटात वारा भरलेलं. एक आठवडा टिकलं तर माझं नाव बदला."

"मऊ आहे म्हणून आणली. तिला लागणार नाही."

"मऊच आहे," ती त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघत म्हणाली. "आणणाऱ्यावर गेलीय." आणि तिनं निळ्या इंजिनाच्या पोटावर फुली ओढली. गाडी पलंगाच्या टोकाला जाऊन पडली. रात्री गुडघा दुखायचा तेव्हा ती त्याखाली घ्यायला बरी होती.

दुसऱ्या दिवशी ती बाजारात उतरली. मोठ्या दुकानात टाय लावलेला विक्रेता पुढं आला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू सकाळीच इस्त्री करून आणल्यासारखं होतं.

"छोट्यांसाठी ट्रेन? ही बघा मॅडम. दिवे लागतात, शिट्टी वाजते, धूरसुद्धा येतो."

"आणि तिकीट कोण तपासतं, तुम्ही?"

तो हसला. ती हसली नाही. तिनं गाडी उलटी केली, बॅटरीच्या झाकणात नख घातलं. झाकण निघालं, त्यामागून गोल बॅटरी टपकली. "हे पोराच्या घशात गेलं की शिट्टी वाजेल," ती म्हणाली. पुढची गाडी लोहचुंबकावर जोडली जायची. तिनं दातांनी चुंबक उपसून त्याच्या तळहातावर ठेवला. तिच्यापुढची रंगीत होती. आपटबाईनं ती चाटली, मग रुमालाला जीभ पुसून तो त्याला दाखवला. रुमाल हिरवा झाला होता.

"मॅडम, प्लीज, चाटू नका."

"मग काय करतात पोरं गाडीचं? पूजा?"

शेवटी त्यानं फळीवरून एक जाड प्लास्टिकची गाडी काढली. "ही मात्र अनब्रेकेबल."

"खात्री आहे?"

"हंड्रेड परसेंट."

तिनं ती डोक्याच्या उंचीवर नेली आणि सोडली. चार चाकं चार दिशांना पळाली. एक टायवाल्याच्या बुटापाशी जाऊन गिरक्या घेत आडवं झालं. सगळं दुकान थांबून बघत होतं. आपटबाईनं खडू काढला, फुटलेल्या इंजिनावर फुली मारली आणि ते त्याच्या हातात देऊन बाहेर पडली. कारखाना सुटल्यापासून इतकं बरं तिला वाटलं नव्हतं. जगात अजून भिकार माल बनत होता आणि तो ओळखणारी ती अजून जागी होती.

हवी तशी गाडी तिला मागच्या गल्लीतल्या एका कळकट दुकानात मिळाली. दुकानदार म्हातारा होता, त्याला उठून माल दाखवायचा आळस होता म्हणून तिला भलताच आवडला. गाडी लाकडाची होती. इंजिन एकाच ठोकळ्यातून कोरलेलं, विटेएवढं. चाकं जाड, लोखंडी दांड्यावर बसवलेली. डबे जाड आकड्यांनी अडकवायचे. रंग नाही, बॅटरी नाही, निघून येईल असं टिकलीएवढंही काही नाही. तिनं ओढलं, पिळलं, चावलं. काही हललं नाही.

"टाकून बघू?"

"टाका," म्हातारा म्हणाला. त्याला वाटलं, थट्टा आहे.

इंजिन कोपऱ्यावर पडलं. आवाज असा आला की आपटबाईनं डोळे मिटून घेतले. भरीव, एकसंध, कुठंही न फाटलेला आवाज. चांगल्या बॅगेचा असायचा तसा. तिनं वाकून इंजिन उचललं, बोट फिरवलं. ओरखडासुद्धा नाही.

"अहो बाई, माझी फरशी!" म्हातारा ओरडला. फरशीचा टवका उडाला होता.

"कच्ची आहे," आपटबाई इंजिनावरची नजर न काढता म्हणाली. "कुणाकडून बसवून घेतली होतीत?"

रविवारी दुपारी ते तिघं आले. आपटबाईनं खोली झाडून-पुसून लख्ख केली होती, पकड-हातोडी माळ्यावर टाकली होती आणि मधोमध लाकडी गाडी उभी केली होती. जावयाकडे तिनं एक कटाक्ष टाकला. बघ, गाडी अशी असते.

"जड आहे ना थोडी?" जावई म्हणाला.

"वजन आहे तिला. काही लोकांना नसतं."

"आई," लेक म्हणाली.

पण ढब्बूनं सगळ्यांना गप्प केलं. गाडी दिसताच ती "भुक्!" म्हणून ओरडली, बापाच्या हातातून सुटली आणि दुडदुडत थेट खाली बसलेल्या आजीच्या अंगावरून पलीकडे गेली. जाताना आधारासाठी तिनं आजीचा गुडघा घट्ट धरला, मूठ भरून. आपटबाई हललीही नाही. इतका छोटा हात इतका जोर लावतो, हे ती विसरून गेली होती.

ढब्बूनं आकडे चाचपले, डबे सोडवले, चाकांत बोट घालून बघितलं. बोट अडकलं नाही. लेकीच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू उतरत होता. "रमेल रे ती," ती नवऱ्याला म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

तेवढ्यात ढब्बू दोन्ही हातांनी इंजिन कवटाळून उभी राहिली. छातीपर्यंत उचललं. सगळ्यांकडे एकवार गंभीरपणे बघितलं. आणि सोडलं.

ते तिच्याच पावलावर पडलं.

आणि आपटबाईनं आयुष्यभर जे केलं होतं तेच केलं. ती वाकली, इंजिन उचललं, उलटंपालटं केलं, कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. "बघा!" ती म्हणाली, आणि आवाजात अभिमान मावत नव्हता. "ओरखडासुद्धा नाही!"

मग ढब्बूची रोखून धरलेली किंकाळी बाहेर आली.

जावयानं तिला कधी उचललं, पाऊल हातात घेऊन फुंकर कधी घालायला लागला, हे आपटबाईला कळलंच नाही. अंगठा लाल झाला होता, सुजायला लागला होता. लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात गाळणं तसंच.

"आई, तू गाडीकडे बघितलंस," ती म्हणाली. ओरडली नाही. "आधी गाडीकडे."

आपटबाईकडे उत्तर होतं, नेहमी असायचंच. पण तोंडाशी आलेलं प्रत्येक वाक्य तिला बिस्किटाच्या चाकासारखं वाटलं. जावई तरी काही टोचून बोलेल म्हणून तिनं वाट पाहिली. तो बोलला नाही. चपला घालताना फक्त म्हणाला, "येतो, आई." याचा तिला जास्त राग आला. या माणसाला धड वचपाही काढता येत नव्हता.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. डॉक्टरांनी बघितलं, हाड शाबूत आहे, नुसता मुका मार. आणि पाळणाघराचं ठरवतोय आम्ही.

"ठरवा," आपटबाई म्हणाली.

तिनं फोन ठेवला. समोर गाडी उभी होती, अखंड, तेजस्वी, मूर्ख. तिनं आयुष्यात किती बॅगा टाकल्या असतील. खाली लोखंडी पाटी होती आणि पाटीला कधी काही होत नव्हतं, म्हणून पाटीकडे बघायचं कुणाला सुचलं नव्हतं. म्हाताऱ्याच्या फरशीनं सांगितलं होतं, तेही तिनं उडवून लावलं. आपण चाळीस माणसांच्या खात्यात सगळ्यांना आंधळे म्हणत होतो, असं तिच्या मनात आलं, आणि ते तिला अजिबात आवडलं नाही.

ती उठली. चपला काढल्या. इंजिन ढब्बूच्या छातीच्या उंचीवर धरलं. स्वतःचा अनवाणी पाय खाली नेमका ठेवला.

सोडलं.

शेजारीण दार वाजवायला लागली. "काय झालं? कोण ओरडलं?"

"कुणी नाही. तपासणी चाललीय," आपटबाई दातओठ खात म्हणाली.

शेजारीण गेल्यावर ती लंगडत पलंगापाशी आली. कापडी गाडी उचलली, तितक्याच उंचीवर धरली आणि त्याच पायावर, सुजलेल्या अंगठ्यावर सोडली. मांजरानं पाय ठेवून जावं तसं काहीतरी झालं. तिनं पुन्हा सोडली. मग डोक्याच्या उंचीवरून सोडली. पुन्हा पुन्हा. पायानं कुरकुर केली नाही.

मग ती दिव्याखाली बसली. चिकटपट्ट्या कातरून काढल्या, फुली मारून केरात टाकल्या. कारखान्यात बॅगांच्या मुठींसाठी वापरायचे तो जाड मेणदोरा तिच्याकडे होता, वाकडी सुई होती. इंजिन आणि डब्यांमध्ये तिनं आखूड, रुंद पट्टे शिवले. चौकोन आणि आत फुली, बॅगेचा पट्टा शिवतात तसे. ही फुली निराळी होती. शिवून झाल्यावर एक पाय डब्यावर ठेवून तिनं इंजिन सगळं बळ एकवटून ओढलं. काही उसवलं नाही. इंजिनाच्या पोटावरची खडूची खूण तिनं ओल्या फडक्यानं पुसली. पूर्ण गेली नाही.

सकाळी तिनं फोन लेकीला केला नाही. जावयाला केला.

"जावईबापू, तुमचं ते पायपुसणं."

"बोला, आई."

"शिवण भिकार होती. ज्यानं केली त्याला माझ्यासमोर आणा. मी परत शिवलीय." ती थांबली. पुढचं वाक्य घोड्यावर चढवायला वेळ लागला. "पास आहे."

जावयानं विचारलं, "आणि लाकडी?"

"नापास. फुली मारलीय."

"का? ती तर कुठंच फुटली नाही."

"पायावर टाकून बघितली."

"कुणाच्या?"

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आई," जावई म्हणाला, त्याच त्या चष्मा बसवायच्या आवाजात, "दुखतंय का?"

आपटबाईनं पायाकडे बघितलं. नख काळंनिळं झालं होतं. असल्या मऊ प्रश्नाला आजवर तिनं कधी उत्तर दिलं नव्हतं.

"दुखतंय," ती म्हणाली. "तिला जेवढं दुखलं, त्याहून जरा कमीच असणार. माझी कातडी जाड."

तो फोनवर हात ठेवून कुणाशी तरी बोलत असल्याचं ऐकू आलं. लेकीचा आवाज, मग त्याचा, मग पुन्हा लेकीचा, बराच वेळ. मधेच ढब्बूचा, कशाला तरी "भुक्" म्हणणारा.

"उद्या पहिला अर्धा दिवस तुमच्याकडे आणतो," तो म्हणाला. "मी रजा घेईन, थांबेन तिथंच. चालेल?"

"राहा. पण दाराशी बसा, मधे मधे करू नका."

"बरं."

"आणि बसायची ती खुर्ची जरा कच्ची आहे," आपटबाई म्हणाली. "जपून बसा."