मायच्या मनगटांवरचे वळ

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. हे लिहायला बसले तेव्हाही नव्हता. आमच्या घरात देव्हारा नाही, नवस नाही, अंगारा नाही. वडील शाळामास्तर होते. गावात कुणाच्या अंगात आलं की ते आम्हा भावंडांना मुद्दाम बघायला न्यायचे आणि घरी आणून समजावून सांगायचे. त्यात माझं पंधरा वर्षांचं नर्सिंग... माणूस मरतो म्हणजे काय होतं, हे मी एका हाताच्या अंतरावरून बघितलंय. तेव्हा "ताई, ताण होता, भास झाला असेल" अशी कमेंट करायची तर जरूर करा. पण ते वळ मला एकटीला दिसले नव्हते.

मी मूळची दिग्रसची. तिथल्याच एका छोट्या मॅटर्निटी होममध्ये अकरा वर्षं होते. घरापासून चालत सात मिनिटं. दिवसाला एक-दोन बाळंतपणं, दुपारी घरी जाऊन जेवायचं, मायच्या गोळ्या द्यायच्या, परत ड्युटी. लग्न मोडल्यापासून मी मायजवळच राहत होते. धाकटा भाऊ मंगेश, त्याची बायको शिल्पा, माय आणि मी.

मग डोक्यात खूळ शिरलं. बरोबरच्या मैत्रिणी कुठल्या कुठे गेल्या आणि आपण अजून बाळं पुसतोय! यवतमाळच्या एका खाजगी हॉस्पिटलमध्ये आयसीयूची जागा निघाली, मी अर्ज केला, झालं. माय म्हणाली, "कायले जाऊन राह्यली वंदे? इथं का कमी हाय तुले?" मी म्हटलं, "माय, तुले नाही समजत ते."

महिन्याभरात मला समजलं. बारा बेड, तीन नर्सेस. एका व्हेंटिलेटरचा अलार्म बंद करेपर्यंत दुसऱ्याचा सुरू. बदलीची सिस्टर आली नाही की सकाळची ड्युटी रात्री आठपर्यंत ताणायची. मोबाईल बाहेर लॉकरमध्ये. सगळ्यात वाईट म्हणजे मी बदलत होते. दिग्रसला कळा देणाऱ्या बाईची पाठ चोळणारी मी, इथे नातेवाइकांवर खेकसायला लागले. पेशंटला नावाने हाक मारणं बंद झालं. सात नंबर, नऊ नंबर. दुसऱ्याच महिन्यात मी दिग्रसच्या जुन्या मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "वंदना, तुझी जागा भरली गं."

तर, सात नंबर. दारव्ह्याकडच्या एका तांड्यावरची बंजारा आजी. न्यूमोनिया, तोंडातून नळी, व्हेंटिलेटर. हातातल्या पांढऱ्या चुड्या भरती करतानाच कापून काढल्या होत्या. वर्षानुवर्षं ऊन न लागलेली मनगटं... अगदी फिकट, कोवळी. बोलता येत नव्हतं, पण शुद्ध होती. सारखी ओठांना बोटं लावून पाणी मागायची. पाणी द्यायचं नव्हतं.

एप्रिलमधली दुपार. दोन नंबरला आम्ही वीस मिनिटं छाती दाबली, तो गेला. त्याची बायको दाराशी आडवी पडली होती. तेवढ्यात आजीने नाकातली जेवणाची नळी उपसून काढली. इन्चार्ज सगळ्यांसमोर म्हणाली, "आता व्हेंटिलेटरची नळी ओढली तर जबाबदार तू. डॉक्टरांनी सांगितलंय ना, हात बांध!"

हात बांधणं आयसीयूत नवीन नाही. गॉज बँडेजची पट्टी असते, पण खाली कापूस ठेवायचा आणि सैल बांधायचं. मी कापूस ठेवला नाही. रागारागात दोन्ही मनगटं बेडच्या दांड्यांना करकचून आवळली. आजी डोळ्यांनी विनवत होती, बोटं ओठांकडे न्यायला बघत होती. मी तिच्या तोंडाजवळ वाकून म्हणाले, "नाही मिळणार पाणी! मर आता तशीच."

हो, म्हणाले. हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तेव्हा एक वाजून गेला होता. दोनला बदलीची सिस्टर आली नाही. सात नंबरकडे मी परत फिरकलेच नाही. तीन वाजून दहा मिनिटांनी डॉक्टरांना मनगटातून रक्त घ्यायचं होतं म्हणून मी पट्ट्या सोडल्या. वेळ चार्टवर माझ्याच अक्षरात आहे. आजी दोन तास त्या पट्ट्यांना ओढत असणार, दांड्याशी कापड पिळून दोरीसारखं झालं होतं. डॉक्टरांनी तिचा हात उलटापालटा करून बघितला. "वा सिस्टर, छान बांधता तुम्ही. साधा डागसुद्धा नाही."

खरंच नव्हता. त्या फिकट कातडीवर बोट दाबलं तरी उमटलं असतं, पण काहीच नव्हतं. मला हुश्श वाटलं, बस.

चार वाजता चहाला बाहेर आले, लॉकर उघडला. मंगेशचे सतरा मिस्ड कॉल. मी लावला तर तो रडतच बोलला, "ताई... माय गेली."

एसटीने दिग्रसला पोचेपर्यंत दिवस कलला होता. मायला हृदयाचा त्रास होताच, त्यामुळे जाण्यात काही आश्चर्य नव्हतं. मंगेश मोबाईल दुरुस्तीच्या दुकानाचं सामान आणायला पुसदला गेला होता. शिल्पा एकटी घरी. एकच्या सुमारास माय घाबरीघुबरी झाली. शिल्पाने डॉक्टरांकडे फोन केला, ते बाहेरगावी. शेजारी हाका मारल्या, पण उन्हाचे सगळे दारं लावून कूलरपाशी. शेजारचे काका रिक्षा घेऊन आले तोवर सगळं संपलं होतं.

मायला आंघोळ घालायला मी, मावशी आणि शेजारच्या दोघी. मावशीने पदराखालचे मायचे हात बाहेर काढले. "हे का व्हय वं?"

दोन्ही मनगटांवर दोन बोटं रुंद, निळे-लाल वळ. मी वाकून बघितलं. वळांमध्ये गॉजची बारीक जाळी उमटलेली होती. मी डावरी आहे, माझी गाठ इतरांपेक्षा उलट्या बाजूला बसते. करंगळीच्या बाजूने गाठीचा खळगा... मी तो ओळखला. आपलं अक्षर ओळखावं तसा.

मावशी हळूच म्हणाली, "बांधून ठेवलं होतं बुढीले. घरात कोण होतं?"

घरात शिल्पा होती.

रात्रीपर्यंत गल्लीभर झालं. सून सासूला खाटेला बांधून ठेवते, नणंद यवतमाळला गेल्यापासून हेच चालू होतं म्हणे. मंगेशने सगळ्यांदेखत तिला विचारलं, "खरं सांग, बांधलं होतं का तू मायले?" शिल्पा माझ्याकडे आली. "ताई, तुम्ही तं नर्स आहा. तुम्ही सांगा ना यायले. मी काहून बांधू? मी तं पाय चोळून राह्यली होती त्यायचे."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी काय सांगणार होते? की हे मी बांधलंय, एसटीच्या दोन तासांच्या अंतरावरून, दुसऱ्याच बाईला? मी म्हणाले, "मला नाही माहीत. मी इथं नव्हते."

नर्स असून मी असं म्हटल्यावर शिल्पानेच बांधलं याबद्दल कुणाला शंकाच उरली नाही.

आठवड्याने ड्युटीवर आले तर सात नंबरची आजी नळीशिवाय उशीला टेकून बसली होती, मुलगी तिला वरणभात भरवत होती. मी विचारलं, "आजी, हात दुखले का हो? बांधले होते ना." ती हसली. "कवा वं बाई? मले तं कोणी बांधलंच नाही." औषधांच्या गुंगीत आठवत नसेल, तेवढं मला कळतं. आजी चालत घरी गेली.

मी ओळखीच्या डॉक्टरांना विचारलंय. मेल्यावर रक्त साकळतं, पण पाठीला, खालच्या बाजूला. मनगटाभोवती कडं करून नाही. मायच्या हातात बांगड्या नव्हत्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू नव्हत्या. घरात गॉजची एक पट्टी नव्हती.

शिल्पा गेल्या दिवाळीपासून माहेरी मुकुटबनला आहे. मंगेश तिला आणायला जात नाही. महिन्यापूर्वी मी एकटीच तिला भेटायला गेले, सगळं कबूल करायचं ठरवून. तिने पाणी दिलं, चहा ठेवला. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "ताई, एक गोष्ट मी कोणालेच नाही सांगितली. मंगेशलेबी नाही. त्या दिवशी माय तुमचंच नाव घेत होत्या. 'वंदे, सोड वं. हात सोड, दुखते. पाणी दे वं वंदे.' मी पाण्याचा गिलास ओठाले लावला तं त्यायच्यानं गिळताच नाही आलं. लोकायले सांगितलं असतं तं तुमच्या नावानं काहीबाही बोलले असते. म्हणून म्या तोंड नाही उघडलं."

चहा झाला. चारची बस आहे म्हणून निघाले, आणि काही न सांगताच परत आले.