मनगटावरची शेड

रंगाच्या दुकानात एकतीस वर्षं शेड जुळवणाऱ्या या गृहस्थांना बाजारात 'शेडमास्तर' म्हणतात. रंग मिसळायला मशीन आलं, तरी शेवटचा थेंब मास्तरांचा. ओल्या रंगाचं बोट डाव्या मनगटावर आतून ओढायचं, हात उजेडात धरायचा, डोळे बारीक करायचे.

त्याच मनगटावर पुरळ उठलं. मास्तरांनी शेडकार्ड लावून पाहिलं आणि कॅलेंडरवर लिहिलं : विटकरी, एकशे बारा.

मेहुण्याने त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं, कारण तिथे रांग नसते. डॉक्टरांनी सवयीने कानात बॅटरी मारली आणि कान ठणठणीत असल्याचं सांगितलं. मग औषधाच्या दुकानदाराने परस्पर एक ट्यूब दिली. पुरळ आठवडाभर दबलं आणि दुपटीने वर आलं. नोंद झाली : डाळिंबी, एकशे एकोणीस.

"आता कुणाकडे? दाताच्या?" बायकोने विचारलं.

"तो ओळखीचा आहे."

"अहो, कातडीचा डॉक्टर असाही एक प्रकार असतो!"

"पुरळाचं सोड गं. गिऱ्हाईकं डबे परत आणतायत, त्याचं काय?"

खरी धास्ती ती होती. बदामी मागणाऱ्यांच्या भिंती शेवाळी निघत होत्या. यापुढे मशीनवरच भागवू, असं मालक बोलून गेला होता.

शेवटी बायकोनेच त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे नंबर लावला. खोलीत शिरताच मास्तर थबकले. भिंती पिस्त्यासारख्या हिरवट होत्या.

"आमच्याकडचा रंग?"

"तुमच्याकडचाच. मी मोतिया मागितला होता. बसा, हात दाखवा. सुट्टीला कमी होतं का?"

मास्तरांनी कॅलेंडर पुढे केलं. बाईंनी पानं उलटली. रविवारची सुट्टी झाली की सोमवारी फिकट गुलाबी, शनिवारपर्यंत डाळिंबी. आठ महिने, एकही दिवस न चुकता.

"एवढा चोख इतिहास पेशंट देत नाहीत. मास्तर, तुम्हाला रंगच बाधतोय. मनगटावर ओढणं बंद. आणि ती ट्यूबही."

मास्तर मनगटाकडे बघत राहिले.

"खाली कातडी लाल, म्हणून वरचा रंग मला लालसर दिसायचा," ते हळूच म्हणाले. "मी हिरवा घालत गेलो."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

दोघांनी भिंतीकडे पाहिलं.

हल्ली मास्तर पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर रंग ओढतात. पहिला डबा बाईंचा होता. मोतिया बिनचूक जमला, मालकाने मशीनचा विषय सोडला. अंगावर पुरळ आलेलं कुणी भेटलं, की मास्तर पत्ता सांगतात : मोतिया भिंतींची खोली. हिरवट दिसली तर समजा, तुम्ही कानवाल्याकडे शिरलात. त्यांचा डबा अजून बदलून द्यायचाय.