सोळा आणि सहा

आईचं खुब्याचं ऑपरेशन नीट झालं, पण भूल उतरल्यावर ती मला ओळखेना. मला ‘ओ सिस्टर’ म्हणायची आणि आंजर्ल्याची एस्टी लागली का ते विचारायची. डॉक्टर म्हणाले, वयस्कर माणसांना होतं असं, येतील ताळ्यावर. त्यांचं काय जातं म्हणायला? माझं धाबं दणाणलं होतं.

आई खेडच्या शाळेत गणित शिकवायची. बाकीच्या आया मुलांना गोष्टी सांगायच्या, आमची आई मोठमोठ्या संख्या फोडायला लावायची. हायवेवर लोट्याच्या कारखान्यांकडे जाणारा टँकर दिसला की त्याचा नंबर वाचायचा आणि कशाने भाग जातो ते सांगायचं. अंकांची बेरीज करायची. बेरजेला नवाने भाग गेला तर संख्येलाही जातो, तिनाचंही तसंच. अकरासाठी शेवटाकडून एक अंक मिळवायचा, पुढचा वजा करायचा. भाऊ पटापट सांगून मोकळा व्हायचा. माझं गणिताशी उभं वैर. मी बोटं मोजेपर्यंत टँकर भोस्ते घाट चढून गेलेला असायचा.

त्या दुपारी ती डोळे मिटून पडली होती. तिच्या मनगटावरच्या पट्टीवर आठ आकडी नंबर होता, २०४७३६१४. दुसरं काही सुचेना म्हणून मी पुटपुटत त्याचे अंक मिळवायला लागले. दोन, सहा, तेरा, सोळा, सोळा आणि सहा एकवीस, बावीस, सव्वीस. म्हणजे तिनाने जात नाही, मी स्वतःशीच म्हटलं.

“सोळा नि सहा बावीस गो,” आई डोळे न उघडता म्हणाली. “बेरीज सत्तावीस. नवाने जातो भाग.”

मी खुर्चीतून उठलेच. आवाज तोच होता, वर्गातला, वैतागलेला. तरी हुरळून जायची भीती वाटत होती. पाढे राहतात आणि माणसं पुसली जातात, असंही ऐकलं होतं. म्हणून विचारलं, अकराने जातो का? तिने डोळे उघडले, मनगट डोळ्यांसमोर धरलं, ओठ हलवले. नाही जात, सात उरतात, म्हणाली. मी मोबाइलवर पडताळलं. सातच उरत होते.

मग घाबरतच विचारलं, “आणि मी कोण?”

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. “सोळा नि सहा एकवीस करणारी आमच्या घरात एकच आहे. केस विंचर आधी.”

माझा जीव भांड्यात पडला. मी हसले की रडले, आठवत नाही; दोन्ही झालं असावं. त्या बेरजांनी मला लहानपणभर छळलं, पण त्या दिवशी माझं उत्तर बरोबर आलं असतं तर आई कदाचित तशीच गप्प पडून राहिली असती.

मुंबईला भावाला फोन लावला. त्याने पहिलं विचारलं, आई ओळखते का? म्हटलं, ओळखते, माझ्या चुकीवरून.