शाळेच्या सभागृहात मी तेलुगू बोललो

तुमच्या मुलाला शाळेत खरं बोलायला शिकवतात, की दुसऱ्याचं नाव सांगायला?

विलक्षण अनुभवांच्या या सदरात लिहिण्याची वेळ माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं. मी पत्रकं वाचत आणि वाटत वाढलेला माणूस. भूतखेत, अंगात येणं ही मांत्रिकांची कमाई, हे मी सोलापुरात चौकाचौकांत ओरडून सांगितलं आहे. आजही तेच सांगेन. तरीही जे घडलं ते घडलं... दीडशे माणसांसमोर, भर सकाळी अकरा वाजता.

आमची शाळा कॅथलिक फादरांची, फक्त मुलांची. रेल्वेतल्या गोवेकरांच्या मुलांसाठी एका पत्र्याच्या शेडमध्ये सुरू झाली, मग गावातल्यांनाही घेऊ लागले. खोटं कशाला बोलू — तिथे जात विचारत नसत. वकिलाचा मुलगा आणि विणकराचा मुलगा एका बाकावर बसत. दारावर इंग्रजीत कोरलं होतं : ‘सत्य आणि प्रेम’.

आणि आत होता बिल्ला. हाताच्या पंजाएवढी लाकडी चकती. आवारात कुणी मराठी, तेलुगू, कानडी बोललं की बिल्ला त्याच्याकडे. त्याने दुसऱ्या कुणाला पकडून तो त्याच्या हातात द्यायचा. चारच्या घंटेला ज्याच्याकडे बिल्ला, त्याला सहा छड्या. महिन्यात तीनदा असा सापडला तर शाळेतून नाव कमी. घरची भाषा बोलणं हा गुन्हा, आणि मित्राला पकडून देणं ही सुटका! फादर याला शिस्त म्हणत.

सोलापुरात लष्करी कायदा लागला त्याच्या तीन वर्षं आधीची गोष्ट. नरसय्या माझा बाकावरचा सोबती, साखर पेठेतल्या तेलुगू विणकराचा मुलगा. त्या महिन्यात तो दोनदा सापडला होता. मीही दोनदा. आणि त्या दिवशी बिल्ला माझ्याकडे होता. चाराला दहा मिनिटं कमी होती.

एवढ्यात नरसय्याची आई फाटकाशी आली, रडत. नरसय्या धावत गेला. मी लांब चिंचेखाली उभा. त्याचे ओठ हलताना दिसले, आवाज काही माझ्यापर्यंत आला नाही. पण आईशी तो तेलुगूच बोलणार ना, दुसरं काय? आई परत फिरली आणि तो माझ्याकडे धावत आला. काहीतरी सांगायला त्याने तोंड उघडलं... मी बिल्ला त्याच्या हातात ठेवला.

त्याने बिल्ल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. घंटा झाली.

“बोललास तू?” फादरांनी इंग्रजीत विचारलं.

“यस, फादर.” सत्य शिकवलं होतं ना त्याला!

“वडिलांच्या सहीचं माफीपत्र आण. मग विचार करू.”

माफीपत्र आलं नाही. वडिलांचा उजवा हात त्याच दुपारी गिरणीच्या पट्ट्यात गेला होता, हे मला आठवड्याने कळलं. तोवर नरसय्या गिरणीत लागला होता. दोन वर्षांनी तापाने गेला.

यंदा शाळेचा वाढदिवस मोठ्या थाटात झाला. माजी विद्यार्थी म्हणून ‘शाळेचा इतिहास आणि मूल्ये’ यावर मी इंग्रजीत बोलायचं होतं. चार पानं लिहून नेली. त्यांत बिल्ला नव्हता. पत्रकांत सरकारची सालटी काढणारा मी — तिथे गप्प राहणार होतो. दोन पानं झाली. तिसऱ्यावर सत्य आणि प्रेम यांविषयीचा उतारा होता. तो मी वाचला, माझं इंग्रजी मला स्पष्ट ऐकू आलं. पण मागच्या रांगेतले साखर पेठेतले पालक उभे राहिले. समोर फादर लालबुंद झाले होते.

खाली उतरलो तर तुकाराम शिपायाने दंड धरला. “आवो, तुमी तेलगूत काय बोलत हुता?”

“मी? इंग्रजी बोललो.”

“आमी काय भैरं हाय व्हय? तेच तेच तीन येळा बोल्ला की!”

एका म्हाताऱ्या विणकराने मला ते म्हणून दाखवलं : “अम्मा, एडवकु. ना दोस्तुकु चेप्पि वस्ता. वाडु फादरकु चेप्तडु.” मग अर्थ सांगितला. आई, रडू नको. माझ्या दोस्ताला सांगून येतो. तो फादरला सांगेल.

मला तेलुगूचे दहा शब्द धड येत नाहीत. डॉक्टरांनी ताप पाहिला, नव्हता. कुणी म्हणेल, लहानपणी ऐकलेलं मनात राहिलं. पण ऐकलंच नव्हतं हो! मी चिंचेखाली होतो.

दुसऱ्या दिवशी साखर पेठेत गेलो. नरसय्याची आई हातमागाजवळ बसून रहाटावर सुताच्या कांड्या भरत होती. ते शब्द मी अडखळत म्हटले. तिचा हात थांबला.

“तुला कुणी सांगितलं रे हे? आमी दोघंच होतो तितं.”

मी मान खाली घातली.

“तूच की तो दोस्त?” ती म्हणाली. “मंग, सांगितलंस का फादरला?”

तिने पुन्हा विचारलं नाही. रहाट फिरवायला लागली.

जे झालं त्याचा उलगडा मला अजून झालेला नाही, आणि तो शोधायची हौसही उरली नाही. बिल्ला त्या शाळेत आजही फिरतो. त्याला मात्र कुठलंही भूत लागत नाही, तो जिवंत माणसंच चालवतात. फादरांनी मला आवारात पाऊल ठेवू नको असं कळवलं आहे. म्हणून हे काम तुम्हांला सांगतो. तुमचा मुलगा अशा शाळेत जात असेल आणि आज मार न खाता हसत घरी आला, तर त्याला शाबासकी देऊ नका. त्याला जवळ बसवा, आपल्या भाषेत विचारा — बिल्ला कुणाच्या हातात दिलास? आणि तो जे नाव सांगेल, त्या मुलाच्या घरी आजच जा.