अक्काची सोय

माझी थोरली बहीण कपड्याच्या मार्केटात जिन्याखाली शिलाई मशीन टाकून बसते. पँटची, पर्सची, दप्तराची, कशाचीही चेन बदलून देते. मार्केटात तिला चेनवाली मावशी म्हणतात, घरात आम्ही अक्का म्हणतो, आणि तिचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, तिच्या माघारी तिला तोफखाना म्हणतात. समोर म्हणायची त्यांची छाती नाही.

गिऱ्हाईक म्हणालं, ‘मावशी, चेन आपोआप तुटली हो,’ तर अक्का पँट उलटी करून बघते आणि म्हणते, ‘आपोआप काही तुटली नाही. पोट सुटलंय तुला. चेनीवर कशाला ढकलतोस?’ अशी ही बाई. पण आयुष्यात एकाच बाबतीत सभ्य बोलायला गेली आणि त्या सभ्यपणानंच तिचा घात केला.

मार्केटच्या मागच्या गल्लीत बायकांचा संडास आहे. होता म्हणा. त्याला मार्केटच्या चेअरमन शेठनं कुलूप घातलं आणि वर पाटी लावली, ‘दुरुस्तीसाठी बंद’. दुरुस्ती करणारा माणूस कधी कुणाच्या नजरेला पडला नाही. पुरुषांचं काय, त्यांना भिंत दिसली की पुरते. बायकांनी जायचं ते थेट बस स्टँडवर, मोठा रस्ता ओलांडून, मशीन कुणाच्या तरी भरवशावर टाकून. म्हणून अक्कानं सोपा उपाय काढला. सकाळी घर सोडल्यापासून संध्याकाळी घरी पोचेपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही.

शरीर किती दिवस ऐकून घेणार? जळजळ सुरू झाली, मग अंग तापायला लागलं. मी तिला दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘पाणी किती पिता?’

‘पीतच नाही.’

‘का?’

‘प्यायलं की लागते. लागली की जाऊ कुठं?’

बाईंनी चष्मा काढला. ‘हे बघा, गोळ्या मी देईन. पण दुखणं परत परत येतंय. मूत्रपिंडापर्यंत गेलं तर गोळ्यांनी भागायचं नाही. पाणी तुम्हालाच प्यावं लागेल.’

बाहेर पायरीवर येऊन अक्का कडाडली, ‘पाणी पी म्हणते! पिईन की! सोडू कुठं, तिच्या टेबलावर?’

मी म्हटलं, ‘अगं, शेठला सांग.’

‘सांगून जीभ झिजली. शेठ, आम्हा बायकांची सोय बघा की जरा. बघू म्हणतो. काय बघतो, देवाला ठाऊक.’

आता इथं एक सांगायला हवं. आम्ही ज्या गावात वाढलो तिथं बाईमाणूस ‘मुतून येते’ म्हणून सरळ उठून जायची, कुणाची पापणी हलायची नाही. शहरात आलो आणि शब्दांना कपडे चढवायला शिकलो. बाथरूमला जाऊन येते. जरा फ्रेश होते. आणि सगळ्यात घरंदाज शब्द, सोय. चारचौघांत, शेठसमोर, अक्का तोच वापरायची.

तर एके दिवशी बातम्यांच्या चॅनेलवाली एक मुलगी माईक घेऊन मार्केटात उतरली. सामान्य माणसाला काय हवंय, असा कार्यक्रम होता. मार्केटवाल्यांनी एकमुखानं अक्काकडं बोट दाखवलं. बोलायला आमची तीच. मुलीनं माईक पुढं केला, ‘मावशी, तुमची मागणी काय?’

अक्कानं केस सारखे केले आणि मशीनवर हात आपटत सुरू झाली. ‘मागणी काय असणार? आमची सोय करा! इतकी वर्षं सोय नाही म्हणजे काय? माणसं आहोत आम्ही! आमची सोय करा!’

झालं. तिच्या मते तिनं सगळं स्वच्छ सांगितलं होतं.

चार दिवसांनी अक्काची सूनबाई फोन नाचवत आली. ‘सासूबाई, तुम्ही गाजताय! गाणं आलंय तुमचं!’ कुणीतरी अक्काच्या बोलण्याला ताल लावला होता. आमची सोय करा, धाड. सोय करा, धाड. ते धाड म्हणजे मशीनवर आपटलेला हात. त्याच्यावर लग्न न जमलेले बाप्ये फेर धरून नाचत होते, त्यांना सोय म्हणजे बायको. दारूडे रिकामी बाटली हलवत होते, त्यांची सोय तुम्हाला कळलीच असेल. एक आजोबा जावयाच्या गाडीत मागच्या सीटवर जागा मिळेना म्हणून तेच म्हणत होते. सूनबाई हसून हसून भिंतीला टेकली. अक्का हसली नाही. ‘ह्यात कुलूप कुठं गेलं?’ एवढंच म्हणाली.

पुढं तर कहर झाला. रात्रीच्या चर्चेत टायवाले, जाकीटवाले येऊन अक्काच्या सोयीवर भांडायला लागले. एकजण म्हणाला, जनतेला फुकटची चटक लागली आहे. दुसरा म्हणाला, हा बेकारांचा आक्रोश आहे. तिसऱ्याला त्यात विरोधकांचा हात दिसला. दाजींना असल्या चर्चा म्हणजे जीव की प्राण. निवृत्त झाल्यापासून देशाचा गाडा तेच खुर्चीतून हाकतात. आवाज वाढवून म्हणाले, ‘तो टकल्या बरोबर बोलतोय. लोकांना सगळं फुकट पाहिजे.’

‘काय फुकट?’ अक्का आतून आली. ‘मुतायला जागा मागतेय मी, बंगला नाही!’

‘मग तसं म्हणायचं होतंस.’

‘कॅमेऱ्यासमोर? जगासमोर?’

‘जगाला आता काय समजायचं ते समजलं. आणि जगात लढाया पेटल्यात, तेलाचे भाव भडकतायत, अशा वेळी तुझं आपलं...’

‘माझं आपलं काय? म्हणा पुढं! तेल तिकडं भडकतंय, इथं मी आतून जळतेय त्याचं काय? बायको तापानं फणफणली तेव्हा चर्चा ठेवली होती का तुम्ही कुणासोबत?’

दाजींनी आवाज कमी केला. टीव्हीचा पण आणि स्वतःचा पण. त्या दिवशी मला जाणवलं, अक्का दाजींवर चिडली नव्हती, टायवाल्यांवर पण नाही. स्वतःच्या तोंडावर चिडली होती. उभ्या जन्मात जे तोंड कुणाला भ्यालं नाही, ते माईक बघून लाजलं होतं.

मग एक दिवस तो गाणेवालाच हजर झाला. निळे केस, हातात काठीवर चढवलेला फोन. ‘मावशी, लोक वेडे झालेत. दुसरा भाग करू या. तेच म्हणा परत.’

‘तेच नाही म्हणणार. नीट म्हणते. लाव तुझं यंत्र.’ आणि हात न आपटता, गिऱ्हाइकाला माप सांगावं तशी बोलली. ‘मी चेनवाली. मला मुतायला जागा पाहिजे. बायकांच्या संडासाला शेठनं कुलूप घातलंय. ते काढा.’

निळ्या केसांचा तो घुटमळला. ‘मावशी, तो शब्द...’

‘कोणता? शेठ?’

‘नाही हो. तो... आधीचा.’

‘का? तू करत नाहीस?’

त्यानं मान डोलावली, फोन खिशात घातला आणि गेला. गाणं आलं दुसऱ्या दिवशी. शब्द मात्र आला नाही. त्याच्या जागी पिपाणी वाजवली होती. मला टूँऽऽ जागा पाहिजे. बायकांच्या टूँऽऽला शेठनं. पुढचं ढोलात बुडालं. खाली लोकांनी लिहिलं होतं ते सूनबाईनं वाचून दाखवलं. मावशीनं शेठची आई काढली. मावशी, इतकी घाण शिवी शोभते का? एकानं तर शिवी कोणती असेल त्याचे अंदाज दिले होते, ते वाचताना सूनबाईच थांबली.

दुसऱ्या दिवशी शेठ दोन नोकरांना घेऊन थेट जिन्याखाली आले. मी तिथंच माझ्या बॅगेची चेन बसवून घेत होतो. शेठ लालबुंद झालेले.

‘मावशी, तुम्ही माझ्या आईवर गेलात? म्हातारी जेवत नाहीये घरात. नातेवाइकांचे फोन येतायत. माफी मागा!’

‘कसली माफी?’

‘शिवीची! काय शब्द होता तो? म्हणा इथं, सगळ्यांसमोर!’

‘म्हणू?’

‘म्हणा!’

‘मुतायला!’ अक्का अशी ओरडली की वरच्या मजल्यावरचं गिऱ्हाईक कठड्यावरून वाकलं. ‘दुसरा शब्द संडास! झालं? आई कुठं आली ह्यात?’

शेजारी बटणं विकणारी बाई तोंडात मूठ घालून हसत होती. शेठ म्हणाले, ‘एवढंच?’

हे त्यांनी म्हणायला नको होतं.

‘एवढंच?’ अक्का मशीन ढकलून उभी राहिली. ‘आतड्याला पीळ घालून बसते मी इथं, दिवसभर! घसा कोरडा पडला तरी थुंकी गिळते! ह्या बटणवालीला विचारा, लघवी धरून धरून परवा चक्कर येऊन पडली! आणि तुम्हाला एवढंच वाटतं? कितीदा सांगितलं तुम्हाला, बायकांची सोय करा म्हणून!’

‘अहो, मला वाटलं गाळा मागताय!’ शेठ म्हणाले. ‘जिन्याखालून उठवून आत बसवायची सोय. म्हणून मी बघू म्हणायचो.’

अक्कानं कपाळाला हात लावला. मग म्हणाली, ‘किल्ली आणा.’

सगळी वरात मागच्या गल्लीत गेली. नोकरानं कुलूप काढलं, दार उघडलं, आणि बायका किंचाळल्या. आत शेठच्या साड्यांच्या दुकानातल्या जुन्या पुतळ्या खचाखच उभ्या. प्लास्टिकच्या, उघड्यानागड्या, कुणाला हात नाही, कुणाचं नाक गेलेलं. एक तर भांड्यावर ठाण मांडून बसलेली.

‘हिची झाली बाई सोय!’ बटणवाली म्हणाली.

अक्कानं पहिलीला मानगुटीला धरून बाहेर ओढलं. शेठ घाबरून इकडंतिकडं बघत म्हणाले, ‘अहो, काहीतरी कपडा टाका त्यांच्यावर. लोक बघतायत!’

‘हिची लाज राखायची,’ अक्का म्हणाली, ‘आणि आम्ही जायचं स्टँडवर. धरा पाय!’

आणि शेठनं खरंच पाय धरले, पुतळीचे. गल्लीत नागड्या बायकांचा ढीग लागला. आत झाडू मारून झाला तशी अक्का सगळ्यांच्या आधी शिरली. बायका पाठ करून दाराशी उभ्या राहिल्या.

आतून आवाज आला, ‘नळाला पाणी नाही!’

शेठ म्हणाले, ‘टाकीचं बघतो आठवड्यात.’

अक्का बाहेर आली आणि तडक शेठच्या दुकानात शिरली. तिथल्या नोकरांच्या मोरीतल्या नळाला तिनं रबरी पाईप जोडला आणि तो उलगडत निघाली. काउंटरवरून, गालिचावरून, साड्या बघत बसलेल्या गिऱ्हाइकांच्या पायांतून, मागच्या दारानं गल्लीत.

आता अक्का पाणी पिते आणि ताप परत आलेला नाही. ती निवळली असेल असं मात्र कुणी समजू नये. ज्या बायका पाणी न ओतता येतात त्यांना ती गल्लीभर ऐकवते. टाकी अजून झालेली नाही. पाईप रोज दुकानातून जातो आणि शेठ रोज ओरडतात, ‘मावशी, गालिचा भिजतोय माझा!’

‘मग गुंडाळून ठेवा,’ अक्का मशीनवरून मान वर न काढता म्हणते. ‘टाकी बसेपर्यंत पाईप हलायचा नाही.’