सुपातलं बाळ

मानोऱ्याजवळच्या एका खेड्यात मी नवा मास्तर होतो, तेव्हा परदेशातून आलेली एक मिशनरी बाई तिथे दवाखाना चालवायची. संध्याकाळी मी तिला मराठी शिकवायचो. दोन वर्षं तिने गोळ्या वाटल्या, पोरांची खरूज धुतली, दर रविवारी प्रार्थनेची घंटा बडवली. गोळ्या सगळे न्यायचे. प्रार्थनेला मात्र तिचा स्वयंपाकी, आणि त्याच्या मागोमाग आलेला कुत्रा. मला त्याची फार गंमत वाटायची. तेव्हा मी जरा आगाऊच होतो.

एका सकाळी शाळेत जाताना पाहतो तर दवाखान्याच्या पायरीवर एक म्हातारी, हातात सूप, सुपात आठ दिवसांचं बाळ. मागे तिची सून, ओली बाळंतीण. म्हातारी म्हणाली, "मडम, हे लेकरू तुले देल्लं. आता तुहंच."

ज्या घरात लेकरं जगत नाहीत तिथे हा तोडगा करतात. बाळ परक्या बाईला द्यायचं आणि लगेच सूपभर ज्वारी देऊन परत घ्यायचं. विकतच्या बाळावर मरणाचा डोळा नसतो म्हणे. या सुनेची आधीची तिन्ही गेली होती. म्हातारी ज्वारीच्या गाठोड्याकडे वळली, तेवढ्यात बाईने बाळ छातीशी धरलं, "देवाने दिलं!" म्हणाली आणि आत जाऊन कडी लावली.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण म्हटलं, फजिती जरा रंगू दे. आणि हसत हसत शाळेत गेलो.

दुपारी म्हातारी धापा टाकत शाळेत आली. "मास्तर, मडम दार उघडत नाही! ज्वारी घे म्हनलं, तं आतून म्हन्ते ज्वारी नको! सून रडून राह्यली. लेकराले पाजाचं हाय न!"

मी पळालो. सून भिंतीला टेकली होती, चोळी दुधाने भिजलेली. माझा आवाज ऐकून बाईने दार उघडलं. आपला पांढरा झगा फाडून तिने लंगोट शिवले होते. बाळाचं नावही ठरवलं होतं.

मी रीत सांगितली. बाईने बाळाचा लंगोट नीट बांधला. मग बाहेर येऊन तिने बाळ सुनेच्या मांडीवर दिलं आणि पायरीवरचं सूप पुढे केलं. म्हातारीने ज्वारी ओतली.

"भरलं नाही. अजून हवी," बाई म्हणाली.

म्हातारी खूश! इतकी घासाघीस होऊन सौदा झाला म्हणजे लेकरू जगणारच. जमलेली मंडळी पोट धरून हसली. मीही हसलो.

बाई माझ्याकडे वळली. "गुरुजी, सकाळी तुम्हाला ही रीत माहीत होती?"

"होती."

"आणि ती बाहेर रडत होती, हे?"

मी खाली सांडलेली ज्वारी वेचायला लागलो.

ही गोष्ट मी आजवर शेकडो वेळा सांगितली. दर वेळी ज्वारी सुपात पडली की गोष्ट तिथेच संपवतो.