दहा तोंडांचा माझा रूममेट

रावणाला दहा तोंडं होती म्हणतात. पण सगळी एकाच धडावर, आणि सगळ्यांना त्याच मिशा. इकडे दक्षिणेत, अंबत्तूरच्या आमच्या खोलीत राहणारा माझा रूममेट भेटला असता, तर रावणानं त्याच्याकडे शिकवणी लावली असती. नोकरीच्या ॲपवर हा टाय बांधून असा गंभीर, की श्रीपेरुंबुदूरचा आमचा अख्खा कारखाना याच्याच खांद्यावर उभा आहे असं वाटावं. फोटोंच्या ॲपवर काळा गॉगल घालून बुलेटवर. बुलेट खालच्या मजल्यावरच्या बँकवाल्यांची, स्टँडवर लावलेली, किल्ली त्यांच्या खिशात. घरच्या ग्रुपवर मात्र कपाळी गंध. एकदा घाईत गंधासकट बुलेटवर बसला, आणि ते पुसून नवा फोटो काढेपर्यंत कंपनीची बस निघून गेली. वर मलाच म्हणाला, "बस दुसरी मिळते. फोटो एकदा गेला की गेला."

सगळ्यांत जपलेलं तोंड लग्नाच्या ॲपवरचं: निर्व्यसनी, स्वयंपाक येतो, दहाला झोपतो. त्यातला स्वयंपाक म्हणजे दहीभात, तोही कोपऱ्यावरच्या मेसमधला. शेवटी एका मुलीनं विचारलंच, दहाला झोपता, तर रात्री एकला तुमच्या नावानं ऑनलाइन कोण असतं? गडी हादरला. त्यानं 'लास्ट सीन' साऱ्या जगासाठी बंद करून टाकलं.

साऱ्या जगात त्याची जालन्याची आईही आली. आठवडाभरानं तिचा मला फोन. लेकाच्या कामात व्यत्यय नको म्हणून ती त्याला सहसा फोन करत नसे. पहाटे उठून त्याच्या नावाखालची वेळ बघायची, पोरगं ठीक आहे म्हणायचं आणि चहा ठेवायचा, एवढाच तिचा नेम. "आता तिथं काहीच दिसत नाही रे," ती म्हणाली. "मला काढून टाकलं का त्यानं?"

मी ते त्याला जसंच्या तसं सांगितलं. त्यानं 'लास्ट सीन' पुन्हा चालू केलं. ते फक्त आईला दिसावं म्हणून रविवारची सकाळभर फाटक्या बनियनवर बसून फोनमधलं एकेक नाव वगळत राहिला. साहेब, ती मुलगी, पाण्याचे कॅन आणणारे अण्णा. मग मी.

"मीसुद्धा?"

"तुला काय, मी असाच दिसतो की."

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही नाक्यावर बसची वाट बघत होतो. स्वतःची वेळ लपवली की दुसऱ्याचीही दिसत नाही. आता त्याला आईची दिसू लागली होती. तिच्या नावाखाली 'ऑनलाइन' उमटलं. त्यानं काही लिहिलं नाही, तिनंही नाही. थोड्या वेळानं तो शब्द मावळला.

"चहा ठेवला असेल," तो म्हणाला, आणि बस येईपर्यंत फोन तसाच हातात धरून उभा राहिला.